परभणी ते परदेश, एकाच तिकिटावर

परभणीत स्टेशनच्या बाजूला माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. सुरुवात रेल्वे आणि ट्रॅव्हल्सच्या तिकिटांपासून झाली, पुढे देशातल्या विमानांची तिकिटं आली आणि आता परदेशी विमानांचं काम सगळ्यात जास्त आहे. येणारी माणसं साधारण ठरलेली. कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला निघालेली मुलं, उमराहला जाणारी कुटुंबं, आखातात नोकरीला असलेले पाथरी-जिंतूर-गंगाखेडकडचे तरुण, आणि लेकाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदा निघालेले आईवडील. या शेवटच्यांची तिकिटं काढताना माझं एक मत पक्कं झालं आहे. परदेशाच्या प्रवासात दर नंतर बघावा; सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का, हे आधी बघावं.

आपल्याकडून परदेशाला जाणं म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जाणं. परभणीला विमानतळ नाही. जवळचा नांदेडचा. तिथून उडान योजनेतलं हैदराबादचं विमान २७ एप्रिल २०१७ ला सुरू झालं, मध्ये काही काळ बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. दुसरा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याला. बहुतेक लोक रेल्वेनंच मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे हैदराबाद आपल्याला परकं वाटत नाही. तिथं कुणी ना कुणी नातेवाईक निघतो. पुढे मुंबईहून किंवा हैदराबादहून मुलाच्या गावापर्यंत एकच विमान क्वचितच जातं. पोरं काही फक्त न्यूयॉर्कला राहत नाहीत. कुणी ऑस्टिनला, कुणी रॅलेला, कुणी कॅनडात सास्काटूनला. तिथं पोचायला दोन किंवा तीन विमानं लागतात आणि ती सगळी एका कंपनीची नसतात. म्हणून आमच्या गिऱ्हाइकाच्या तिकिटावर हमखास दोन कंपन्यांची नावं येतात, आणि इथंच माणसं गोंधळतात.

“ताई, तिकीट लुफ्तान्साचं म्हणालात, मग खाली हे युनायटेड काय लिहिलंय?” असं विचारणारा माणूस मला फार आवडतो, कारण त्यानं तिकीट वाचलेलं असतं. धंद्यात याला कोडशेअर म्हणतात. मुंबई ते फ्रँकफर्ट विमान लुफ्तान्साचं, फ्रँकफर्ट ते शिकागो विमान युनायटेडचं. पण दुसऱ्या विमानातल्या काही जागा लुफ्तान्सा आपल्या नंबरावर विकते. विकणारी कंपनी एक, उडवणारी दुसरी. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहिलेलं असतं, ते नाव उडवणाऱ्या कंपनीचं. चेक-इन, जेवण, खुर्ची, व्हीलचेअर या सगळ्याचा संबंध त्या नावाशी येतो. इंटरलाइन हा दुसरा प्रकार. त्यात ज्याचा नंबर त्याच्याकडेच राहतो, पण दोन्ही कंपन्यांनी एकमेकींची तिकिटं आणि सामान स्वीकारायचा करार केलेला असतो.

याच्या वर कंपन्यांच्या तीन मोठ्या आघाड्या आहेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये झाली, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये. एअर इंडिया ११ जुलै २०१४ ला स्टार अलायन्समध्ये गेली. कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे, केएलएम आणि डेल्टा स्कायटीममध्ये. एमिरेट्स मात्र कुठल्याच आघाडीत नाही, ती वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार करते. पण प्रवाशानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दोन कंपन्या एका आघाडीत आहेत म्हणून तुमची दोन वेगळी तिकिटं आपोआप जोडली जात नाहीत. जबाबदारी ठरते ती तिकिटावरून. एका तिकिटावर चार सेक्टर, म्हणजे विमानप्रवासाचे चार टप्पे, असले आणि ते तीन कंपन्यांचे असले तरी तो एकच करार असतो. दोन तिकिटं म्हणजे दोन करार, आणि त्यांच्या मधली जागा कुणाचीच नसते.

ती मधली जागा कशी असते, ते सेलूकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या प्रवासात मी जवळून पाहिलं. मुलगा ऑस्टिनला. त्यानंच तिकडे बसून आईवडिलांची तिकिटं काढली होती. मुंबई ते आखातातलं एक शहर हे एका कंपनीचं तिकीट आणि तिथून युरोपमार्गे अमेरिकेचं दुसऱ्या कंपनीचं, वेगळं. दोन्ही मिळून एका तिकिटापेक्षा बरंच स्वस्त पडलं होतं. गुरुजी माझ्याकडे आले ते फक्त छापील प्रत काढून घ्यायला. कागद हातात घेतले तेव्हा दोन वेगळे तिकीट नंबर दिसले. मी म्हणाले, “गुरुजी, ही दोन तिकिटं आहेत. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी थांबणार नाही, ओळखही दाखवणार नाही.” गुरुजी म्हणाले, “मधे साडेतीन तास आहेत की. आणि लेकानं काढलंय, आता त्याला कसं म्हणावं?” तिकिटं बदलता येण्यासारखी नव्हती. मी माझा फोन नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून काकूंच्या पर्समध्ये ठेवायला दिला.

मुंबईहून निघणारं पहिलंच विमान उशिरा सुटलं. आखातात उतरेपर्यंत दुसऱ्या विमानाचं चेक-इन बंद झालेलं. सामानावर मुंबईत फक्त त्या शहरापर्यंतचाच टॅग लागला होता, म्हणजे बॅगा बाहेरच्या पट्ट्यावर गेल्या. तिथं जायचं तर त्या देशाचा व्हिसा लागतो, तो यांच्याकडे नाही. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर उत्तर मिळालं, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट नो-शो झालं. पहिल्या कंपनीनं सांगितलं, आम्ही तुम्हाला इथपर्यंत आणून सोडलं, आमचं काम संपलं. कागदावर दोघांचंही बरोबर होतं. पासष्टी ओलांडलेली दोन माणसं, हातात शिदोरीची पिशवी, इंग्रजी वाचता येतं पण बोलायची सवय नाही. काकूंनी पर्समधली चिठ्ठी काढून एका मराठी बोलणाऱ्या सफाई कामगाराच्या फोनवरून मला फोन लावला. तो मुलगा नांदेडकडचा निघाला. पुढची रात्र मी, तो मुलगा आणि ऑस्टिनचा लेक असे तिघं फोनवर होतो. शेवटी नवीन तिकिटं काढावी लागली, ऐन वेळच्या दरानं. वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसे गेले. पैशांचं दुःख गुरुजींनी केलं नाही. पण काकू नंतर मला म्हणाल्या, “तिथं आम्ही कुणाचेच नव्हतो बाई.”

पुढच्या वेळी गुरुजींनी मुलाला सांगितलं, तिकीट परभणीहूनच काढू. आम्ही युरोपमार्गे दोन भागीदार कंपन्यांचं एकच तिकीट काढलं. योगायोगानं त्याही वेळी पहिल्या विमानाला उशीर झाला आणि मधलं विमान चुकलं. पण या वेळी त्यांचं विमान युरोपात उतरायच्या आधीच कॉम्प्युटरनं त्यांना पुढच्या विमानावर टाकलं होतं. व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलीच्या हातात नवे बोर्डिंग पास तयार होते. जेवणाचं कूपन मिळालं. बॅगा त्यांच्या मागोमाग ऑस्टिनला पोचल्या. मला फोन आला तो मुलाचा, आईबाबा घरी पोचले म्हणून. माणसं तीच, खोळंबा तसाच, फरक फक्त तिकिटाचा.

एक तिकीट कसं ओळखायचं, ते मी प्रत्येकाला पेन हातात घेऊन दाखवते. ई-तिकिटावर १३ आकडी नंबर असतो. त्यातले पहिले तीन आकडे ज्या कंपनीनं तिकीट दिलं तिचे. ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, ०१६ युनायटेड, ०७४ केएलएम, ०६५ सौदिया. सगळ्या सेक्टरांवर एकच १३ आकडी नंबर असेल तर सगळा प्रवास एका तिकिटावर आहे. सेक्टर चारपेक्षा जास्त असतील तर लागोपाठचे दोन नंबर येतात, तेही एकच तिकीट धरलं जातं. पण एका कागदावर दोन अगदी वेगळ्या कंपन्यांचे नंबर दिसले, तर सावध व्हावं. मोबाइलवरच्या काही साइट्स दोन तिकिटं एकत्र दाखवून एकच रक्कम सांगतात. बघणाऱ्याला वाटतं एकच तिकीट आहे. ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द कुठं तरी खाली बारीक लिहिलेले असतात. हे दोन शब्द दिसले की म्हाताऱ्या माणसांसाठी ते तिकीट घेऊ नये, एवढं साधं आहे.

चार सेक्टरांचा हा हिशेब जुन्या कागदी तिकिटांपासून चालत आलेला. त्या पुस्तिकेत एका सेक्टरला एक कूपन, आणि एका पुस्तिकेत जास्तीत जास्त चार कूपनं. ती मुंबईहून कुरिअरनं यायची आणि आम्ही ती कपाटात कुलपात ठेवायचो. १ जून २००८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं कागदी तिकिटं बंद करून सगळी ई-तिकिटं केली. कागद गेला, पण कूपनाचा नियम तसाच आहे. पहिलं कूपन वापरलं नाही तर पुढची सगळी रद्द होतात. काही मुलं मला म्हणतात, “ताई, मी मुंबईला मित्राकडं थांबतो आणि हैदराबादचा सेक्टर सोडून मुंबईतूनच बसतो.” तसं करता येत नाही. तिकीट जिथून सुरू होतं तिथूनच बसावं लागतं.

पीएनआरचंही सांगायला हवं. सहा अक्षर-आकड्यांचा हा नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तिकीट लुफ्तान्साचं असलं तरी युनायटेडच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच प्रवाशाचा वेगळा पीएनआर असतो आणि युनायटेडच्या ॲपवर तोच चालतो. हा दुसरा पीएनआर आम्ही मागून घेतो आणि तिकिटावर पेनानं लिहून देतो. तो नसेल तर पोरं तिकडून ‘बुकिंगच नाही असं दाखवतंय’ म्हणून घाबरून फोन करतात.

व्हीलचेअर आणि जेवण या दोन गोष्टी आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त काळजीनं केल्या जातात. व्हीलचेअरचे तीन प्रकार आहेत. विमानापर्यंतच लागणारी, जिना चढता येत नाही म्हणून लागणारी, आणि खुर्चीपर्यंत नेणारी. गुडघे दुखणाऱ्या आजीला पहिला प्रकार पुरतो, तर लकवा झालेल्या आजोबांना तिसरा लागतो. जेवणात नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर उकडलेल्या भाज्या आणि सॅलड येतं. आपल्या माणसांसाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ सांगावं लागतं, त्याचा कोड एव्हीएमएल. हे सगळं विकणाऱ्या कंपनीकडे टाकलं म्हणजे झालं असं नाही. दुसरं विमान भागीदार कंपनीचं असेल तर तिच्याकडून वेगळा होकार येतो का ते बघावं लागतं. पहिल्या सेक्टरवर व्हीलचेअर होती आणि दुसऱ्यावर नव्हती, असे प्रकार इथूनच होतात. निघायच्या दोन दिवस आधी मी प्रत्येक सेक्टरचा होकार पुन्हा तपासते.

मार्गाच्या बाबतीत एक फसगत फार लोकांच्या लक्षात येत नाही. मानवतच्या एका कुटुंबानं मला मोबाइलवर एक मार्ग दाखवला. मुंबई ते म्युनिक, म्युनिक ते कोपनहेगन, तिथून शिकागो. एकच तिकीट, भागीदार कंपन्या, दरही चांगला. पण म्युनिक आणि कोपनहेगन ही दोन्ही शहरं शेंगेन देशांत येतात. या देशांमधला विमानप्रवास देशांतर्गत धरला जातो. म्हणजे म्युनिकला उतरून कोपनहेगनच्या विमानात बसायचं तर इमिग्रेशन ओलांडून युरोपात शिरावं लागतं आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला तरी तो इथं उपयोगाचा नाही. कॉम्प्युटर हे तिकीट विकतो. पण मुंबईच्या काउंटरवर माणसाला परत पाठवतात. युरोपात एकाच ठिकाणी थांबा असावा, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि दुसरा मार्ग काढून दिला. एका थांब्यालासुद्धा काही देशांत भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा असेल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते. हे नियम बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये, दर वेळी त्या देशाच्या वकिलातीचा नियम बघावा.

नावाचाही प्रश्न येतो. आपल्याकडे जुन्या बायकांच्या, आणि बऱ्याच मुस्लिम कुटुंबांतल्या माणसांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, आडनावाची जागा रिकामी. अशा माणसांच्या अमेरिकेच्या व्हिशावर नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, असं येतं. प्रत्येक कंपनी हे नाव वेगळ्या पद्धतीनं लिहिते आणि दोन कंपन्यांत जुळलं नाही की चेक-इन अडकतं. पासपोर्टला अर्ज करतानाच नाव आणि आडनाव दोन्ही भरावं, हे मी लग्नकार्यात भेटलेल्या माणसांनाही सांगते.

आता सामान. आपल्या माणसाच्या बॅगेत कपडे कमी आणि जिन्नस जास्त. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आणि ज्वारीचं पीठ तर असतंच. आपल्याच कृषी विद्यापीठानं काढलेली ‘परभणी मोती’ ज्वारी पिठाच्या रूपानं किती देशांत गेली असेल, याचा मला फार अभिमान वाटतो. पण हे पीठ आणि मसाले हातातल्या पिशवीत नेऊ नयेत. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असेल तर ती जादा तपासली जाते आणि काढूनही घेतली जाते. सगळी पिठं मोठ्या बॅगेत टाकावीत. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत ठेवू नये. ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं.

वजनाचा नियम दोन कंपन्यांचा वेगळा असला तर कुठला धरायचा? अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या एका तिकिटावर सुरुवातीच्या कंपनीचा नियम शेवटपर्यंत चालतो, असा तिथल्या सरकारचाच नियम आहे. दोन तिकिटं असली की हे संरक्षण जातं आणि दुसऱ्या काउंटरवर पुन्हा पैसे मोजावे लागतात. मुंबईत बॅग पट्ट्यावर टाकली की टॅगवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं वाचावीत. ऑस्टिनला जायचं तर एयूएस असलंच पाहिजे. त्या टॅगवर १० आकडी नंबर असतो, त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा मिळून पुन्हा कंपनीचा तोच तीन आकडी नंबर होतो. टॅगची छोटी चिठ्ठी बोर्डिंग पासला चिकटवून देतात, ती घरी पोचेपर्यंत फेकू नये. अमेरिकेत मात्र पहिल्यांदा ज्या शहरात उतरू तिथं टॅग शेवटपर्यंतचा असला तरी बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या पट्ट्यावर पुन्हा टाकाव्या लागतात. हे मी घरातल्या सगळ्यांसमोर सांगते. याला वेळ लागतो म्हणून तिथं मध्ये किमान तीन तास ठेवते, कॉम्प्युटर दीड तासाचं तिकीट विकायला तयार असला तरी.

आणि बॅग आली नाही तर? विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याची बॅग नेदरलँड्सला जाताना हरवली. प्रवास दोन कंपन्यांचा, तिकीट एक. दोघी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. विमानतळ सोडायच्या आधी तक्रार नोंदवून तिचा नंबर घे, आणि मॉन्ट्रियल कराराचा उल्लेख करून लेखी पत्र दे. १९९९ चा हा आंतरराष्ट्रीय करार भारताला २००९ पासून लागू आहे. सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे, किंवा जिच्या ताब्यात नुकसान झालं तिच्याकडे भरपाई मागू शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. बॅग फुटली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्यानं पत्र पाठवलं, बॅग काही दिवसांनी सापडली आणि मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांचे पैसेही मिळाले. युरोपात शिकणाऱ्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथून भारतात येताना एका बुकिंगवरच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी ३ तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, कारण कंपनीच्या हातातलं असलं आणि अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त असलं, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मधला थांबा धरून शेवटचं ठिकाण मोजतात, पण बुकिंग एक असेल तरच.

कंपन्या बंदही पडतात. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं आणि संपलं. जून २०२५ मध्ये कतारनं आपली हवाई हद्द काही तास बंद केली. अशा वेळी आमच्यासारख्यांचे फोन थांबत नाहीत. तेव्हा माणसाला पहिला आधार असतो तो तिकिटावर नंबर असलेल्या कंपनीचा. पुढच्या भागीदार कंपन्यांशी बोलून रस्ता काढायचं काम तिच्याकडे असतं. म्हणून मी तिकीट देणारी कंपनीही विचार करून निवडते.

राहिला पहिला सेक्टर, जो कुठल्याच तिकिटावर येत नाही. परभणी ते मुंबई. जर्मनीत डॉइशे बान ही रेल्वे ऑगस्ट २०२२ पासून स्टार अलायन्सची भागीदार आहे. कोलोनच्या रेल्वे स्टेशनला विमानतळासारखा क्यूकेएल असा कोड आहे आणि लुफ्तान्साच्या विमानाच्या तिकिटातच रेल्वेचा डबा धरलेला असतो. गाडीला उशीर झाला तरी जबाबदारी विमान कंपनीची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण कौतुकानं म्हणतो, पण आपल्या देवगिरीला किंवा नंदीग्रामला उशीर झाला तर मुंबईत विमान थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून मी माणसांना एक दिवस आधी पाठवते. ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, ती पहाटे निघून दुपारी पोचते, मध्यरात्रीच्या विमानासाठी ती सोयीची आहे. तरी गुडघेदुखी असलेल्यांना आदल्या रात्री नातेवाइकांकडे थांबायला सांगते. तारखेचंही बजावते. विमान १२ तारखेला रात्री दीडचं असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोचायचं. दुसरी नवीन गोष्ट म्हणजे २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. देशातलं विमान तिथं उतरलं आणि परदेशाचं सहारहून असलं तर मध्ये अख्खं शहर ओलांडावं लागेल. तिकिटावर विमानतळाचा कोड बघावा, बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवीन. चिकलठाण्याहून एअर इंडियाचं विमान वेळेला जुळत असेल तर मी तिथून परदेशापर्यंत एकच तिकीट काढते. बॅग चिकलठाण्याला टाकली की पुढची काळजी त्यांची.

मोबाइलवर स्वस्त तिकीट दिसत असताना ताईंना जादा पैसे का द्यायचे, असं मुलं विचारतात. त्यांना माझं सांगणं आहे की तिकीट कुठूनही काढा, माझ्याकडूनच काढा असा आग्रह नाही. पण पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारा. तिकीट नंबर एकच आहे का? प्रत्येक विमान प्रत्यक्ष कोण उडवणार आहे? सामान कुठपर्यंत जाईल? मधल्या प्रत्येक विमानतळावर आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो का? या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तरच पुढे जा. तुम्ही तरुण आहात, विमान चुकलं तर खुर्चीवर रात्र काढाल. तुमच्या आईवडिलांना ते करायला लावू नका. त्यांच्यासाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील, पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा.